दुसरा आलेख येण्याआधी

पद्मजाचं डोकं आधीच फिरलेलं होतं, त्यात सभेला निघालेले बाबुराव नेमके तिच्या दारात येऊन उभे राहिले. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा बाबुराव भरवत, आणि पुढच्या महिन्यात ते तिचे सासरे व्हायचे होते.

"स्टेजवर एवढंच बोलायचं. आपल्या समुद्राखाली गॅस आहे. बास!"

"काका, गॅस नाहीये तिथे. गोडं पाणी आहे. किती वेळा सांगू?"

"मग त्या दिवशी आमच्याकडे चहा पिताना उड्या कोण मारत होतं?"

मारत होती, खोटं कशाला बोला! पद्मजा सर्व्हे कंपनीत होती. अलिबागजवळ उथळ समुद्रात बोअर घेत, त्यात उपकरणं सोडत, आणि ती वर जे आलेख काढत ते वाचायचं हिचं काम. पहिल्या आलेखात वाळूच्या एका थरातून वीज जाता जात नव्हती. खारं पाणी असतं तर सहज गेली असती. म्हणजे गॅस! गोड्या पाण्यातही वीज अशीच अडते, हे माहीत असून बाई बडबडली. बाबुरावांनी त्याच संध्याकाळी लाऊडस्पीकरवरून सांगून टाकलं, "दाराशी गॅस आहे, म्हणून दिल्लीवाले मुंबई सोडत नाहीत!" टाळ्या थांबेनात. मग दुसऱ्या उपकरणाचा आलेख आला. थरात गॅस की पाणी, हे त्याच्यावरून कळतं. थर पाण्याने भरलेला होता.

"म्हणजे आता मी खोटा पडू? लोकांनी गोळ्या झेलल्यात मुंबईसाठी!"

"मीही लाठी खाल्लीय. गॅससाठी नाही खाल्ली."

"जीभ फार चालते तुझी. लग्न व्हायचंय, ध्यानात ठेव."

वाडीचा चौक गच्च भरला होता. पुढच्याच रांगेत तिचा होणारा नवरा चिंतामणी बसला होता. दुसरा आलेख तिने त्याला दाखवला होता, आणि "तुझंच बरोबर आहे," असं तो म्हणालाही होता. त्याच्याकडे बघूनच तिने माइक घेतला.

"समुद्राखाली गॅस नाही, पाणी आहे. मी घाई केली, चूक माझी. पण मुंबई आपलीच आहे. त्याला गॅस कशाला हवा?"

"किती पैसे मिळाले गं?" मागून कोणीतरी ओरडलं. एक चप्पल तिच्या खांद्याला लागली. बाबुराव शेजारी हाताची घडी घालून गंमत बघत बसले. मेला संताप आला तिला! तेवढ्यात चिंतामणी उठला, तेव्हा तिला हायसं वाटलं. हा सांगेल आता.

त्याने बापाकडे पाहिलं, मग गर्दीकडे वळला.

"हिचा आमच्या घराशी काही संबंध नाही!"

माइक अजून पद्मजाच्या हातातच होता.

"बरं झालं रे चिंतामणी," ती म्हणाली, "लग्नाआधीच कळलं."

सगळ्या वाडीने ऐकलं.