पाठीचा साचा

पेणच्या कारखान्यात केरूमामानं चाळीस वर्षं गणपती घडवले होते. सोंड, डोळे, पोट, बोटं, जे म्हणाल त्यावर त्याचा हात बसलेला. पाठ मात्र त्यानं कधी कामात धरलीच नाही. मूर्ती मखरात बसते, पाठ भिंतीकडे, तिकडे बघायला कोण जातंय? एकदा थापी फिरवायची, पाठ सपाट करायची, की झालं.

आणि नेमकी त्याच्या भाचीची पाठ सगळ्या घराच्या जिवाला घोर लावून बसली होती.

भाची म्हणजे रोह्याची सुरभी, वय वर्षं सोळा. खांब गावात हायवेलगत भाड्याच्या गो-कार्ट गाड्या पळवता पळवता ती अशी सुसाट सुटली, की तिथल्या तमीम मेकॅनिकनं तिला खोपोलीच्या एका रेसिंग टीमपुढे उभं केलं. टीमनं तिला ज्युनियर स्पर्धेत उतरवलं. गाडी एकाच माणसाची, वरून उघडी, जमिनीला घासून जाणारी. तीत बसायचं नाही, जवळजवळ झोपायचंच. मोसमातल्या पाचपैकी चार शर्यती झाल्या होत्या आणि पोरगी दुसरी होती, पहिल्या नंबरच्या मुलापेक्षा फक्त दोन गुणांनी मागे. गिऱ्हाईक मूर्तीची उंची विचारत असलं तरी मामा त्याला आधी हे दोन गुण सांगायचा.

घोडं अडलं होतं सीटपाशी. सीट गेल्या वर्षीच्या एका थोराड पोराच्या मापाची. सुरभी तीत खुळखुळायची आणि शेवटच्या पाच फेऱ्यांत पाठ अशी धरायची की पुढे गेलेली गाडी मागे पडायची. टीमनं दोनदा नवीन सीट ओतून पाहिली, दोन्ही फसल्या. या सीटवर शेवटची शर्यत नको, असं डॉक्टरांनी बजावलं. शर्यत दहा दिवसांवर होती.

"साचाच पायजे ना?" मामा तमीमला म्हणाला. "मग ती गाडी पेणला आणा."

दुसऱ्या दिवशी चाकं नसलेला गाडीचा सांगाडा टेम्पोतून उतरला आणि रंगाची वाट बघणाऱ्या सातशे गणपतींच्या मधोमध जाऊन बसला. मामानं सांगाड्यात मऊ शाडूची जाड पिशवी पसरली, तिच्यावर सुरभीला निजवलं आणि अजिबात हलू नकोस म्हणून सांगितलं. अर्ध्या तासानं ती उठली तेव्हा शाडूत तिची पाठ हुबेहूब उमटली होती. तमीम खूश झाला. मामाही खूश झाला, पिशवी कापून बाजूला केली आणि त्याच खुशीत त्यानं थापी उचलून सगळा ठसा एका हातासरशी सपाट करून टाकला.

 आधी सुरभीला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळा कारखाना खिदळायला लागला. मामा तेवढा लाजेनं काळाठिक्कर पडला. त्यानं थापी बहिणीच्या, सुरभीच्या आईच्या, हातात दिली.

"गो अनिता, ही तुज्याकडं ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

नवीन शाडू भरता भरता त्यानं भाचीला विचारलं, गाडीत तू अशीच निपचित पडतेस काय? ती म्हणाली, छे, तिथं तर सारखं वळायचं असतं.

"मग वळ की. मूर्ती थोडीच करतोय मी."

डोळे मिटून, रिकाम्या हातांनी सुरभी शेवटच्या शर्यतीचा चेन्नईचा ट्रॅक चालवायला लागली. वळण आलं की रंगाऱ्यांच्या तोंडून इंजिन घोंघावायचं, अनिता थापी उंचावून ब्रेक लावायला सांगायची, तमीम घड्याळ लावून बसलेला. फेरी संपली तेव्हा ती खऱ्या वेळेपेक्षा एका सेकंदानं मागे होती, आणि त्याचा दोष तिनं आईच्या ब्रेकला दिला. शाडूत मात्र या वेळी हलत्या, वळत्या पाठीचा ठसा आला होता. मामानं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. त्यावरून प्लास्टर घेतलं, आणि प्लास्टरवरून सीट.

शर्यतीच्या दुपारी मोबाईल एका बिनरंगी उंदराला टेकवून सगळे समोर बसले. पंधरा फेऱ्या होत्या. सुरभी चौथी सुटली, तिसरी झाली, आणि दहावी फेरी संपताच मामा उठून अंगणात गेला. पाठ धरायची ती याच फेऱ्यांत, हे त्याला माहीत होतं, आणि या खेपेला ती सीट त्याच्या हातची होती.  आतून अनिता आकडे सांगत होती. तिसरी. अजून तिसरी. दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम एवढा कल्ला झाला की शेजारच्या कारखान्यातली माणसं धावत आली.

सुरभी पहिली आली होती. शर्यतीतही आणि मोसमातही.

तासाभरानं तिचा फोन आला. करंडकाबद्दल ती काही बोललीच नाही.

"मामा, मला पाठ हाय ह्येच मी इसरले."

 मामानं फोन अनिताकडे दिला आणि डोळे पुसत आत गेला. घरचा गणपती तो दरवर्षी सगळ्यात शेवटी, उरल्या शाडूतून करायचा. त्यानं पाट ओढला, गोळा ठेवला, पाट फिरवला, आणि या वर्षी पाठीपासून सुरुवात केली.