खाऱ्या पाण्याचं झाड

ढाणकीच्या त्या घरची रीतच होती: नव्या सुनेनं अंगणात तुळस लावायची. तुळस लागली, की सून घरची झाली. कोकिळाच्या मात्र दोन तुळशी वाळल्या आणि सासूनं, तानाबाईनं, गल्लीभर सांगून टाकलं, "हिच्या हाताले झाडच लागत नाही वो!" कोकिळाच्या ते फार जिव्हारी लागलं.

साठ सालच्या उन्हाळ्यात नवरा मारोतराव पुसदच्या बाजारातून वीतभर हिरवंगार झुडूप घेऊन आला. "पाणी नको, माती नको, नुसतं हवेवर जगते!" जणू शोध त्यानंच लावला होता. वैशाखात अंगणातलं गवत करपलं, पण कोनाड्यातलं झुडूप हिरवं ते हिरवंच. बायका बघायला येऊ लागल्या. कोकिळाला आभाळ ठेंगणं झालं! एवढ्या गुणी झाडाला तहानलेलं कसं ठेवायचं, म्हणून तिनं एक दिवस आपल्या पद्धतीनं तांब्याभर पाणी घातलं. हिरवा रंग भिंतीवरून ओघळला आणि मागे उरला पिवळट काडीकचरा.

"हेही मारलं!" तानाबाई ओरडली.

ते ऐकून शेजारच्या इंदुताई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. भिंगातून बघता बघता त्यांना हसू फुटलं.

"कोकिळा, हे झाड नाही. हायड्रॉइड म्हणतात ह्याले. समुद्रात खडकांना, शिंपल्यांना चिकटून राहणारे बारके जीव. ह्या काड्यांवरच्या एकेका वाटीत एकेक जीव, मुंगीहून लहान, इवले हात पसरून खाणं धरायचा. जीव मेले, घरं राह्यली, अन् कोणीतरी रंगवून इकली."

"म्हणजे मी नाही मारलं?"

"तू कशी मारशील? अन् जितं असतं, तरी ह्याले खारंच पाणी लागते."

कोकिळा आनंदानं उडालीच. "मंग माह्याजवळ जगलं असतं बाई! मी तं झाडाले मीठ टाकूनच पाणी देतो!"

"मीठ?" तानाबाईचा आवाज चिरकला. "तुळशीलेही?"

"मंग? आमच्या दर्यापूरकडं विहिरी खाऱ्या. इथलं पाणी मले अळणी लागते. वाटलं, तिलेही लागत असंन."

तानाबाई हसता हसता ओट्यावरच बसली. इंदुताईंनी खांब धरला. मग पदरानं डोळे पुसत सासू म्हणाली, "अन् तू इतके दिवस मुकाट्यानं पेत होती? सांगायचं नाही काय वो पोरी?"

संध्याकाळी तिनं स्वतः तुळशीचं रोप आणून सुनेच्या हातात दिलं. "लाव. मीठ माह्यापाशी दे."

कोकिळानं माती दाबून वर बघितलं. तानाबाई पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळत होती.

"हे तुले," ती म्हणाली.

कोकिळानं एका दमात पेला रिकामा केला.