उसनी मेंढरं

फेब्रुवारीत सोनमच्या कॉलेजात लिथुआनियाहून काही मुलंमुली येणार होती. पंधरवडाभर ती सोलापुरात राहणार आणि सप्टेंबरात इथली मुलं तिकडं जाणार, असा तो कार्यक्रम होता. सोनम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. इंग्रजी बरं बोलायची, म्हणून पाहुण्यांबरोबर हिंडायच्या कामात तिचं नाव होतं.

सगळी व्यवस्था शिवयोगी सरांकडं होती. त्यांनी एक दिवस तिला बोलावून विचारलं, "तुम्ही मूळचे मंद्रूपचे ना? घरी मेंढ्या असतील."

"आमच्या नाहीत सर. बिरुदेवकाकांच्या आहेत. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत."

"कारखाना आपण दाखवणारच आहोत गं. पण मेंढपाळ मला कुठं मिळणार? वडलांना एक दिवस यायला सांग. पटका, घोंगडं, हातात काठी. ते बोलतील, तू इंग्रजीत सांग. आपली संस्कृती दिसू दे की त्यांना."

सर वाईट नव्हते. एवढ्या लांबून आलेल्या पोरांना काय दाखवायचं या काळजीनं ते दमून गेले होते. सप्टेंबरची निवडही त्यांच्याच हातात होती. ते काही त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि सोनमनंही विचारलं नाही.

सोनमचे आई-वडील, सिद्धाप्पा आणि तानाबाई, भवानी पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत. सिद्धाप्पा लूमवर होता. तानाबाई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. सिद्धाप्पा लहानपणी मेंढरांमागं हिंडला होता, पण त्याचा बाप गेल्यावर कळप मोडला आणि तो शहरात आला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

सोनमनं घरी सांगितलं ते जरा चाचरतच. सिद्धाप्पा लगेच म्हणाला, "यीन की. त्यात काय."

"आप्पा, तुमी मेंढरं राखत न्हाई, आणि राखतो म्हणून सांगायचं?"

"तुला तिकडं जायचंय न्हवं? मग झालं तर."

कारखान्यात खाडा करून तो आदल्या दिवशीच मंद्रूपला गेला. सोनमही बरोबर गेली. बिरुदेव त्याचा चुलतभाऊ, यंदा मेंढरं घेऊन लांब न जाता गावातच राहिलेला. त्यानं पेटीतला पटका काढून दिला आणि हसत म्हणाला, "आण्णा, पटका द्यायला काय न्हाय. पन मेंढरं तुमास्नी वळखत न्हाईत, त्येचं काय करायचं?"

"म्हणून तर आजच आलोय," सिद्धाप्पा म्हणाला.

दुपारभर तो कळपात होता. सोनम बांधावर बसून बघत होती. आधी मेंढरं त्याला बुजून बाजूला सरत होती. मग त्यानं टाळूला जीभ लावून एक आवाज काढला. तिनं तो त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दोन-चार मेंढ्यांनी माना वर केल्या. एक कोकरू लंगडत होतं. त्याला त्यानं मांडीवर घेतलं, खुरातला काटा काढला आणि सोडून दिलं. बापाचा हात इतका सवयीनं चालताना तिनं फक्त लूमवरच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजची बस आली. टोप्या घातलेली, नाकाला पांढरं मलम लावलेली पोरं खाली उतरली. सिद्धाप्पा खांद्यावर घोंगडं टाकून उभा होता. सरांनी ओळख करून दिली आणि तो बोलू लागला. मेंढरं घेऊन दसऱ्यानंतर निघायचं, भीमा ओलांडून कर्नाटकात उतरायचं, रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, म्हणजे त्या रानाला खत मिळतं आणि आपल्याला धान्य. तो सगळं आजचंच असल्यासारखं सांगत होता. सोनमही तसंच इंग्रजीत सांगत गेली. तिला त्यात फारसं अवघड वाटलं नाही. हे सगळं कुणाचं तरी खरंच होतं.

पाहुण्यांत येवा नावाची एक उंच मुलगी होती. ती सहसा काही विचारायची नाही. तिनं सोनमला म्हटलं, "त्यांना विचार, इतके महिने लांब राहिल्यावर मुलीची आठवण येते का?"

सोनमनं विचारलं. सिद्धाप्पानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"येती की. पन मेंढरामागं जावंच लागतंय. ही जलमली तवा मी इजापूरच्या पल्याड हुतो. रानात. एक गाडीवान जाता जाता सांगून गेला, तुला ल्येक झाली म्हणून. मग त्या दिवशी मेंढरं तितंच बसवली. फुडं गेलोच न्हाय."

सोनम थांबली. ती सोलापुरात दवाखान्यात जन्मली होती. सिद्धाप्पा कारखान्यातली पाळी सुटल्यावर तसाच आला होता, केसांत कापसाचं भुसकट घेऊन, आणि नर्सनं त्याला आधी डोकं धुवायला लावलं होतं. आईनं हे तिला कितीदा तरी सांगितलं होतं. राखण, रान, खत इथवर ठीक होतं. पण हे तिचं स्वतःचं होतं.

ती इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील टॉवेलच्या फॅक्टरीत काम करतात. ही मेंढरं काकांची आहेत. ते जे सांगतायत, ते त्यांचं नाही."

येवानं मान हलवली. शिवयोगी सरांनी एकदा सोनमकडं बघितलं आणि घड्याळाकडं बघून म्हणाले, "चला, जेवण तयार आहे."

सिद्धाप्पाला इंग्रजी येत नव्हतं. पण टॉवेल आणि फॅक्टरी हे शब्द तो रोज ऐकत होता. त्यानं घोंगडं काढून त्याची घडी घातली आणि ते बिरुदेवच्या हातात दिलं.

जेवताना तो पोरांना भाकरी वाढत होता, शेंगाचटणी आणखी घ्या म्हणून खुणेनं सांगत होता. सोनमच्या पानाजवळ आला तेव्हा त्यानं भाकरी ठेवली आणि पुढं गेला.

परतताना येवा तिच्या शेजारी बसली. बस हत्तूर गाव मागं टाकून शहराच्या वाटेला लागली तेव्हा ती म्हणाली, "माझे बाबा नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात आहेत. मी लहान असल्यापासून. नाताळात येतात, कधी उन्हाळ्यात. त्यांना हे मी कधी विचारलं नाही. म्हणून तुझ्या बाबांना विचारलं."

"त्यांनी खरं सांगितलं नाही," सोनम म्हणाली.

"असेल. मला उत्तर चांगलं वाटलं होतं."

सिद्धाप्पा मंद्रूपहून एसटीनं उशिरा आला आणि लगेच झोपला. सोनमनं आईला झालेलं सगळं सांगितलं. तानाबाई कड शिवता शिवता ऐकत होती. गाडीवानाचं आलं तेव्हा तिचं मशीन थांबलं.

"त्ये त्येंच्या बापाचं हाय," ती म्हणाली. "ह्ये जलमले तवा म्हातारा इजापूरकडं हुता. त्येला असंच कुणीतरी सांगितलं म्हनं. मला लगीन झाल्यावर एकदाच बोलले हुते. परत कदी काडलं न्हाय."

"मग माझं नाव कशाला घातलं त्यात?"

"मेंढपाळ म्हणून हुबं केलं हुतं न्हवं त्येंनला? मग मेंढपाळाची ल्येक तूच की."

सकाळी सिद्धाप्पा चहा पीत उंबऱ्याजवळ बसला होता. सोनम त्याच्या समोर बसली.

"आप्पा, चुकलं माझं."

"खोटं बोललो त्ये मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पन तू मला लोकांफुडं खोटं पाडलंस. घरी येऊन बोलायचं हुतं."

"व्हय."

मग तिनं त्याला येवाचं सांगितलं. मासळीचा कारखाना, नाताळ, लहानपणापासून. सिद्धाप्पा ऐकत राहिला. कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "फोन करतो का तिचा बाप?"

"करत असतील की."

"मग तिला एक सांग. लांब असलं की मानसाला बोलायला सुचत न्हाय. म्हणून नुसतं जेवलीस का म्हणून इचारतंय. दुसरं काय इचारायचं असतंय, पन तोंडातनं त्येच येतंय. एवढं सांग."

पाहुणे पुण्याला निघाले त्या दिवशी कॉलेजच्या आवारात बस उभी होती. सोनमनं येवाला बाजूला घेऊन हे सांगितलं. जितकं जमेल तितकं शब्दाला शब्द. येवा आधी हसली.

"जेवणाचं नाही विचारत ते. हवा कशी आहे म्हणून विचारतात. दर वेळी. मी म्हणायचे, हे काय बोलणं झालं?"

मग तिनं तोंड बसकडं वळवलं आणि बराच वेळ पाठपिशवीचा पट्टा घट्ट करत राहिली. जाताना सोनमला मिठी मारली.

एप्रिलमध्ये सप्टेंबरला जाणाऱ्यांची नावं लागली. सोनमचं नाव नव्हतं. शिवयोगी सर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुझं इंग्रजी चांगलं आहे. पण तिकडं जाऊन कॉलेजचं नाव सांभाळायचं असतं." ती बरं म्हणाली. ज्यांची नावं होती तीही हुशार मुलं होती. त्यांतल्या एकीला दुभाष्याचं काम सोनमपेक्षा नक्कीच बरं जमलं असतं.

घरी सांगितल्यावर सिद्धाप्पानं विचारलं, "मंद्रूपच्या त्या दिवसामुळं झालं का?"

"न्हाई आप्पा. मार्कं कमी पडली."

ते खरं होतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. सिद्धाप्पानं मान डोलावली आणि डबा घेऊन पाळीला गेला. रविवारी त्यानं आपणहून तिला विचारलं की परदेशात जायचे आणखी काय रस्ते असतात. सोनमनं एक-दोन सांगितले. तिसरं वर्ष संपल्यावर अर्ज करायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं.

जुलैत येवाचा फोटो आला. स्वयंपाकघरात टेबलाशी एक बारीक, टक्कल पडलेला माणूस बसला होता. समोर उकडलेल्या बटाट्यांचं ताट होतं. त्याला फोटो काढलेला आवडला नसावा. खाली येवानं लिहिलं होतं, बाबा घरी आलेत.

सोनमनं फोन बापापुढं धरला. सिद्धाप्पानं हात पुसून तो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"किती दिस हाय म्हनं?"

"दोन आठवडे."

"बरं," सिद्धाप्पा म्हणाला. मग थोडा वेळ तो फोटोच बघत राहिला.