रविवारचं पथक

असोद्याच्या जीवराम नारखेडेंना स्काऊटमधलं काही कळत नव्हतं. जळगावच्या एका जिनिंगमध्ये ते भुईकाट्यावर होते. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची आणि पावती फाडायची, हे काम ते लग्नाच्या आधीपासून करत आले होते. सकाळी सायकलवर जळगाव, संध्याकाळी सायकलवर असोदा.

स्काऊटशी त्यांचा संबंध आला तो डिगंबरमुळे. एकुलता एक मुलगा. गावच्या हायस्कुलात सहावीत असताना तो पथकात गेला आणि वर्षभर घरातली एक दोरी जागेवर राहिली नाही. खाटेच्या पायाला, म्हशीच्या खुंट्याला, एकदा तर झोपलेल्या आईच्या वेणीलाही त्यानं गाठी मारून पाहिल्या होत्या. सातवीत गेल्यावर श्रावणात त्याला कावीळ झाली. गावचं औषध झालं, जळगावचा दवाखाना झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो गेला. ते साल पंच्याऐंशी.

दिवाळीनंतर हायस्कुलातले फेगडे सर घरी आले. गणित शिकवायचे आणि स्काऊटचं पथकही तेच चालवायचे. ओट्यावर बसले, पाणी प्याले.

"जीवरामभाऊ, पोरांचं शिबीर आहे, पालला," ते म्हणाले. "डिगूनं मला सांगून ठेवलं होतं, माझे बाबा येतील भरीत करायला. मी दुसरं कोणी बघेन हो. पण तुम्हाला न विचारता बघितलं असतं तर ते मला बरं वाटलं नसतं."

आत मंजुळाबाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. जीवरामांनी वाट पाहिली.

"येतो," ते म्हणाले.

पालच्या जंगलात त्यांनी पोत्यातून नेलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, त्यावर हिरवी वांगी भाजली आणि मुलांना लाकडी बडगीत ठेचायला बसवलं. मुलं हातानं भरीत खात होती, एकमेकांच्या पानातल्या पुऱ्या पळवत होती. पथकातल्या डिगूच्या तुकडीतली, गरुड संघातली मुलं त्यांना ओळखीची होती. गावातलीच, घरी येऊन गेलेली. हिलाल पाटील तर रोज यायचा. पण शिबिरात तो त्यांच्याजवळ आला की एकदम शहाण्यासारखा वागायचा. "नाना, पाणी आणू का?" "नाना, लाकडं देऊ का?" एवढंच. जीवराम पंगतीत वाढताना कान देऊन ऐकत. कोणी तरी बोलता बोलता म्हणेल, डिगूला हे आवडायचं, डिगू असता तर. कोणी म्हणालं नाही. शिबीर संपलं, एसटी असोद्याला आली, तरी ते नाव त्यांच्या कानावर पडलं नाही.

घरीही ते पडत नव्हतं. मंजुळाबाईंनी त्या पोळ्यापासून मुलाचं नाव घेतलं नव्हतं. त्याचे कपडे त्यांनी कुठे ठेवले हे जीवरामांना माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. बायकोला नावानं हाक मारायची रीत त्यांच्या घरात नव्हती. लग्नानंतर पहिली काही वर्षं "ऐकलं का" म्हणायचे, नंतर बारा वर्षं "डिगूची माय". आता ते जवळ जाऊन नुसते उभे राहत, मग त्या मान वर करून बघत. जेवण व्हायचं, म्हशीचं दूध निघायचं, दिवा मालवायचा. भांडण असं काही नव्हतंच.

शिबिरानंतर पुढच्या रविवारी जीवराम हायस्कुलाच्या मैदानावर गेले. सर म्हणाले, "अरे वा, आलात!" त्यांनी काम दिलं. पुढच्या रविवारीही गेले. मग तो नेमच झाला. मैदानावर चुना टाकायचा, झेंड्याची दोरी बघायची, काठ्या मोजून घ्यायच्या, पडलेल्याच्या गुडघ्याला हळद लावायची. सरांनी एक स्कार्फ आणून त्यांच्या गळ्यात घातला. धोतर-सदऱ्यावर तो स्कार्फ विचित्र दिसायचा, पण कोणी हसलं नाही. रविवारच्या सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर सगळं गाव बसू लागलं, तेव्हा सरांनी पथक संध्याकाळवर नेलं. जीवराम मात्र सवयीनं सकाळीही एक चक्कर मारून यायचे. मैदानावर तेव्हा शेळ्यांशिवाय कोणी नसे.

"तुमी तिथी कायले जाता?" एकदा मंजुळाबाईंनी विचारलं.

"सरांले मानूस पायजे न एक."

खरं कारण जीवरामांनी सांगितलं नाही. ते स्वतःला तरी धड सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. लोकांच्या तोंडून आपल्या मुलाचं नाव ऐकायची त्यांना भूक लागली होती. जिथे तो सगळ्यात जास्त हसला-ओरडला होता, तिथे कधी तरी ते ऐकू येईल, एवढ्या आशेवर ते जात होते.

दरम्यान मुलं वाढत होती. आठवीत हिलालचा आवाज फुटला. नववीत तो जीवरामांच्या खांद्याला लागला. संघातल्या कोणाच्या ओठावर लव आली, कोणी अर्धी विजार सोडून फुल पँट घालू लागलं. जीवराम मनातल्या मनात डिगूलाही तेवढंच वाढवत. तो आईच्या अंगावर गेला होता, म्हणजे उंची बेताचीच राहिली असती. हिलालएवढा नसता झाला. मिशी मात्र लवकर आली असती. असं करता करता ते थबकत, कारण चेहरा बाराव्या वर्षापुढे सरकायचाच नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुटीत त्या मुलांचं शेवटचं शिबीर होतं. दहावीचं वर्ष होतं. परीक्षा झाल्यावर कोणी जळगावला कॉलेजात, कोणी भुसावळला, कोणी आयटीआयला जाणार होतं. हिलालचे मामा नाशिकला होते, तो तिकडे जाणार होता. शिबीर उनपदेवला होतं, गरम पाण्याच्या झऱ्याजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सगळ्यांना घेऊन डोंगरात गेले. आदल्या दिवशी हिलालचा पाय मुरगळला होता, म्हणून तो जीवरामांबरोबर चुलीपाशी थांबला. बसल्या बसल्या वांग्यांना तेल लावून देऊ लागला.

चार-पाच वांगी त्यानं अशी बाजूला ठेवली. मग खाली बघतच म्हणाला, "नाना, एक ईचारू? रागावू नका."

"ईचार."

"तुमी डिगूचं नाव कधीच नही काढत. आमचा राग येते का तुमाले? आमी हाओत अन् तो नही म्हनून?"

जीवरामांच्या हातातली पऱ्हाटी तशीच जळत राहिली. चटका बसला तेव्हा त्यांनी ती टाकली.

"म्या काढलं नही? तुमीच कोनी काढत नही रे. इतके वर्षं मी वाट पाहून राह्यलो."

हिलाल चकित होऊन बघत राहिला. "सरांनी सांगेल होतं आमाले, पालच्या शिबिराच्या टाइमले. नानांसमोर त्याचं नाव नका घेऊ, त्यायले तरास होईन. मंग आमी ठरवूनच टाकलं. कोनी चुकून बोलला तं आमी त्याले चिमटा काढू."

जीवराम खाली बसले. फेगडे सरांचा राग यावा असं त्यांना वाटलं, पण आला नाही. सरांनी भल्यासाठीच केलं होतं. सगळ्यांनीच भल्यासाठी केलं होतं आणि तीन वर्षं गेली होती.

"सांग न मंग," ते म्हणाले. "काहीबी सांग."

आधी हिलालला काही सुचेना. मग एक आठवलं, त्यावरून दुसरं. डिगू गस्तीच्या वेळी घाबरायचा आणि घाबरल्याचं कळू नये म्हणून मोठ्यानं पाढे म्हणायचा. एकोणतिसाचा पाढा त्याला त्यामुळेच पाठ झाला होता. त्यानं एकदा सरांच्या शिट्टीत वाटाणा अडकवला होता. झाडावर चढायचा, पण उतरता यायचं नाही, मग खाली सगळे ओंजळी धरून उभे राहायचे.

"अन् ते हत्तीचं," हिलाल हसायला लागला. "नाना, ते खरं शे का हो? डिगूनं आमाले सांगेल होतं. जळगावले सर्कस आली होती, तं त्यायचा हत्ती तोलाले तुमच्या भुईकाट्यावर आनला होता. तुमी तोलला. आमाले तं लई दिवस खरंच वाटे."

जीवराम त्याच्याकडे बघत राहिले. काट्यावर हत्ती कधी आला नव्हता. सरकीची पोती, गाठींचे ट्रक, बैलगाड्या यांच्याशिवाय काही आलं नव्हतं. बापाचं काम काय, असं पोरांनी विचारलं असेल, आणि कापसाच्या गाड्या तोलतो हे सांगायला त्याला कमी वाटलं असेल. किंवा तसं काही नसेलही. सांगता सांगता हत्ती आला असेल, पोरांच्या गोष्टीत येतो तसा.

"वजन किती सांगे तो?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस क्विंटल."

"बराबर," जीवराम म्हणाले. "तेवढाच भरला होता."

हिलालनं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. आता तो लहान राहिला नव्हता. त्याला कळलं असावं. पण तो "मंग!" एवढंच म्हणाला आणि पुढचं वांगं हातात घेतलं.

तिसऱ्या दिवशी जीवराम घरी आले. मंजुळाबाई परसात गहू निवडत होत्या. रस्ताभर त्यांनी बोलणं जुळवून ठेवलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर ते सगळं विस्कटलं.

"डिगू पोरायले सांगे," ते म्हणाले, "का म्या सर्कशीतला हत्ती तोलला."

मंजुळाबाईंचे हात थांबले. सूप मांडीवरच राहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही. इतका वेळ गेला की जीवरामांना वाटलं आपण चूक केली. आता त्या उठून आत जातील आणि दार लावून घेतील.

"तुमी काय म्हनले मंग?" त्यांनी विचारलं.

"म्या म्हनलं, तोलला."

"सर्कस दाखवाले तं नेलं नही त्याले तुमी." आवाजात राग नव्हता, पण शब्द सरळ आले. "रोज ईचारे. तुमी म्हनत, सीझन शे, गाड्या उभ्या शेत."

त्या वर्षी कापूस खूप आला होता, दिवाळीपासून माघापर्यंत ते एकही रविवार घरी नव्हते. सर्कस आली आणि गेली. मुलगा पुढच्या वर्षी असणार नाही असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेही कोणाला विचारायला गेले नव्हते. ते भिंतीला टेकून खाली बसले. एवढ्या वर्षांनी घरात ते नाव आलं होतं, आणि येताना हेही घेऊन आलं होतं.

मंजुळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"गेला होता तो," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "म्या पाठोलं होतं. हिलालच्या बापासंगं, मोटरसायकलवर. तिकीट नव्हतं काढलं. कनातीच्या बाहेरून पाहून आले."

"दिसला का हत्ती?"

"नुसती पाठ दिसली म्हने. अन् पानी उडवलं का मंग सोंड दिसे."

त्या रडल्या नाहीत. पदरानं हात पुसले आणि गव्हातला एक खडा बोटानं दूर सारला. जीवराम तिथेच बसून राहिले. आणखी काही विचारावं असं त्यांच्या मनात होतं, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते मैदानावर गेले तेव्हा दहावीतलं कोणी आलं नव्हतं. क्लासेस सुरू झाले होते. पाचवीतली नवी मुलं रांगेत नीट उभी राहत नव्हती. त्यांच्यापैकी एकालाही डिगंबर आठवत नसणार. सर अजून आले नव्हते. जीवरामांनी स्कार्फ सारखा केला आणि मुलांना उंचीप्रमाणे उभं करायला सुरुवात केली.