गजराबाईच्या भांडणाच्या फेऱ्या

सारंगखेड्याच्या पाटील भाऊबंदकीत सगळ्या घरांची मिळून कानबाई देवी एकच बसते. श्रावणातल्या रविवारी ती बसते आणि सोमवारी सकाळी तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन तापीत बोळवायचं. हा मान थोरल्या सुनेचा. सासू गेल्यापासून तो गजराबाईकडे होता. बाकीच्या बायकांनी पुढे नाचावं, मागे गाणी म्हणावी, चौरंगाला मात्र हात लावायचा नाही.

आणि त्या साली सगळ्या गावादेखत, नदीच्या उतारावर, गजराबाईला दम लागला.

नुसता दम लागला असता तर तिने तो कसाही लपवला असता. पण डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे लटपटले आणि चौरंग असा कलला, की देवीची नथ हलली. मागून धाकटी जाऊ सरलाबाई धावली. तिने चौरंग आपल्या डोक्यावर घेतला आणि तरातरा खाली उतरूनही गेली. गजराबाई दरडीला टेकून बसली. देवी खाली नदीवर आणि थोरली सून वर मातीत, असं त्या घराण्यात कधी घडलं नव्हतं.

घरी आल्यावर भाऊबंदकीतली सगळ्यांत म्हातारी पार्वतीबाई म्हणाली, "एकदाव चुकनं ते देवी माफ करस. पुढला सालले बी असंच व्हयनं, ते मान सरलाना. आपली रीत शे तशी."

सरलाबाईने डोळे खाली वळवले. त्या खाली वळलेल्या डोळ्यांतही गजराबाईला हसू दिसलं. होतं की नव्हतं ते देव जाणे. गजराबाईला दिसलं म्हणजे होतं.

घरात एकमताने ठरलं, की तिला अशक्तपणा आलाय. ज्या घरी दावणीला दुभत्या म्हशी, त्या घरी कोणत्याही दुखण्याला औषध एकच, तूप. गजराबाईची थोरली सून मंगलाबाई हिने डिंकाचे लाडू वळले. ते संपायच्या आत मेथीचे वळले. सकाळी दुधात तूप, दुपारी चुरलेल्या भाकरीवर तुपाची धार, संध्याकाळी वरणावर पुन्हा तीच धार. गजराबाई नाही म्हणत नव्हती. श्रावणात पुन्हा चौरंग उचलायचा म्हणजे अंगात ताकद नको का?

खरं पाहता तिच्यात अशक्त असं काहीच नव्हतं. बाजेवर बसली की बाजेची दोरी कण्हायची. हातातल्या पाटल्या हातातच रुतल्या होत्या, साबण लावूनही निघत नव्हत्या. तरुणपणी हीच बाई पहाटे दळायची, विहिरीचं पाणी ओढायची, दिवसभर कपाशी वेचायची. मग सुना आल्या, गावात इंजिनाची गिरणी ठुकठुकायला लागली, विहिरीवर पंप बसला. काम करायला फक्त तोंड उरलं, आणि ते मात्र तिने दिवसभर राबवलं.

कोणी म्हटलं, "बाई, अंग सुटनं तुमनं," तर ती म्हणायची, "पाटीलनी बायको वाळेल दिसनी ते लोके काय म्हनतीन? घरमा दाना नही!"

हिवाळ्यात पाय सुजायला लागले. होळीनंतर तहान लागायची ती भागेना. ओट्याच्या पायऱ्या चढल्या तरी छाती भात्यासारखी हलायची. चैत्रात तिचा नवरा चुडामण पाटील गप्पच झाला. हा माणूस मुळात बोलायला कमी, पण गप्प झाला की घाबरलाय असं समजायचं. त्याने गाडी जुंपायला लावली आणि तिला दोंडाईचाला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, काट्यावर उभ्या राहा."

"मी काय कपाशीनी गाठ शे?"

"उभी ऱ्हाय वं, भिलानी माय," मुलाच्या, भिलाच्या नावाने तिला हाक मारत चुडामण हळूच म्हणाला.

ती उभी राहिली. काट्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी छाती तपासली, लघवी तपासली, सुजलेला पाय बोटाने दाबून पाहिला.

"तुम्हाला अशक्तपणा कोणी सांगितला?"

"घरनासनी."

"अशक्तपणा नाही. अंग जास्त झालंय आणि ते सगळं ओढायला हृदय एकटं आहे. लघवीत साखर दिसायला लागलीय. गोळ्या देतो, पण खरं काम तुमचंच. तूप, साखर, लाडू बंद. दोन वेळा बेताचं जेवण. आणि रोज चालायचं. आधी थोडं, मग वाढवायचं."

"चालीसन कोठे जावानं?"

"कुठेही नाही. नुसतं चालायचं."

गजराबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आता यालाच तपासायला हवं. मग तिने खरं काय ते विचारलं, "श्रावणमा डोकावर देवी लीसन नदीना उतार उतरता येई का माले?"

"आत्ता विचाराल तर नाही. अशाच राहिलात तर कधीच नाही. सांगतो तसं वागलात, तर बघू."

त्या 'बघू'ने तिला असं काही टोचलं होतं, की तसं अख्ख्या आयुष्यात सासूच्या बोलण्यानेही टोचलं नव्हतं. गाडीतून परतताना घर दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "मंगलाले सांगा, तूपना डबा मन्हा डोळासमोर आणू नको म्हनो."

खाणं सोडणं परवडलं, पण चालणं? गावात बाई रस्त्याने चालते ती पाण्याला, शेताला, देवळाला, नाहीतर कोणी मेलं तर भेटायला. पाटलाची बायको रिकाम्या हाताने निघाली, वेशीपर्यंत गेली आणि तशीच परत आली, तर लोक म्हणतील डोकं फिरलं. आणि सरलाबाईला कळेल, की ही उतारासाठी धडपडते आहे. पहिल्या सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली, पदर सारखा केला आणि परत आत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दगाच्या शेळीने तिच्या परसातली वांगी खाल्ली. दगाचं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. गजराबाई उठली ती तडक निघाली, त्याच्या दारात उभी राहून त्याच्या शेळीचा, त्याचा आणि त्याला वळण न लावणाऱ्या आईचा उद्धार केला आणि घामाघूम होऊन घरी आली. पाणी पिताना तिच्या ध्यानात आलं, की वाटेत कोणी 'कोठे चाललात बाई' असं विचारलंच नाही. भांडायला निघालेल्या बाईला कोणी विचारत नाही. उलट रस्ता देतात.

झालं. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गजराबाई भांडायला निघाली. रूपचंदच्या दुकानाच्या मापाला पोचा आलाय म्हणून. भिकनने नाल्याचं पाणी वाटेवर सोडलं म्हणून. वेशीजवळ कोणी राख टाकली म्हणून. सुरुवातीला निम्म्या भांडणातच दम लागायचा. मग ती हाताने 'थांब' अशी खूण करून निंबाखाली टेकायची, आणि समोरचा बिचारा उरलेलं ऐकायला तसाच उभा. दम परत आला की जिथे सोडलं तिथून पुढे. भिकन एकदा म्हणाला, "बाई, उरेल सकाय सांगा ना." ती म्हणाली, "सकाय तुन्हा भाऊकडे जावानं शे."

भूक मात्र मोठी वाईट. दुपार झाली की तिचा सगळा राग मंगलाबाईवर निघायचा.

"काय भाजी शे आज?"

"घोळनी, बाई."

"काल बी घोळच व्हती. माले म्हैस समजस का तू?"

"म्हैसले आपण सरकी देतस बाई, घोळ नही."

गजराबाई खाली मान घालून जेवली. हसू आलेलं सुनेला दिसू द्यायचं नव्हतं. पोरगी तयार होत चालली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक रंजनाबाई माहेरी आली आणि घात झाला. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या. लेक म्हणाली, "माय, मन्हा हातनी एक," आणि लेकीच्या हातची एक म्हणता म्हणता ताट रिकामं झालं. दुसऱ्या सकाळी ती कोणाला न सांगता नदीच्या उतारावर गेली. निम्म्यावर पोचायच्या आत छाती भरून आली आणि ती त्याच दरडीला टेकून बसली, जिथे गेल्या साली बसली होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिने घाम म्हणून पुसलं. वर चढून येताना तिने स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या दगालाही दिल्या नव्हत्या.

त्या दिवशी गोठ्यात पडलेलं जातं तिने घरात आणवलं. तिच्यापुरतं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ ती पहाटे स्वतः दळायला लागली. पहिल्यांदा खुंटा ओढताना खांदे भरून यायचे आणि गळ्यातून गाणं फुटायचं नाही. मग हळूहळू गाणं आलं. सरलाबाई भिंतीपलीकडून ऐकायची आणि आपल्या नवऱ्याला या थोरल्या जावेबद्दल म्हणायची, "जिजीना घर गिरणीना पैसा वाचाडी ऱ्हायनात."

पावसाळा जवळ आला आणि नवीच अडचण उभी राहिली. गावात भांडायला कारण उरेना. दगाने शेळी बांधली, रूपचंदने माप बदललं, भिकनने नाला बुजवला. लोक तिला लांबून पाहिलं की आधीच अंगण झाडायला घ्यायचे. तेव्हा तिने शेताची वाट धरली. माणसांच्या न्याहारीची पाटी मंगलाबाईच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली.

"बाई, मी जास ना!"

"तू ऱ्हावू दे. तू वाटमा चार जनीसशी बोलस, तवर भाकर थंडी व्हयी जास."

न्याहारीनंतर पाण्याची कळशी, कळशीनंतर परतताना गवताचा भारा. डोकं पुन्हा ओझं ओळखायला लागलं.

पाटल्या आता कोपरापर्यंत सरकायच्या. पायांची सूज उतरली. तहान माणसासारखी लागायला लागली. एकदा जमिनीवरून उठताना तिने खांबाला हात लावला नाही, आणि उठल्यावर ती गोष्ट तिलाच आठवली, म्हणून पुन्हा बसून पुन्हा उठून पाहिली. गावच्या दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मुलगा भिला म्हणाला, "माय, दत्तानी यात्रामा तुले घोडीसना संगे पळाले लावसूत." ती म्हणाली, "पळसू. बाजारमा तुन्हा बापले कोन घी, ते पह्यले देख."

श्रावणाच्या तोंडावर ती पुन्हा दोंडाईचाला गेली. कोणी सांगायच्या आत काट्यावर चढली आणि या वेळी काट्याकडेच पाहिलं. डॉक्टर हसले.

"छान आहे. साखरही दिसत नाही. उतार उतरा, पण सावकाश. दम लागला तर थांबा."

"थांबू? अख्खा गाव देखस तव्हय?"

"थांबलात तर पडणार नाही. गेल्या वर्षी थांबला होतात का?"

थांबली नव्हती. दम लागला तेव्हा तिने पाय उलट भराभर उचलले होते, कोणाला कळू नये म्हणून. तूप सोडायला सांगितलं तेव्हा जेवढा राग आला नव्हता, तेवढा आता आला.

कानबाईचा सोमवार उजाडला तो रिमझिम घेऊनच. उताराची माती लोण्यासारखी निसरडी झालेली. गजराबाईने चौरंग डोक्यावर घेतला. डफ वाजला, बायका नाचत निघाल्या. पार्वतीबाईला दोघींनी धरून आणलं होतं. ती उताराच्या डोक्यावर उभी राहून टक लावून बघत होती. सरलाबाई मागे, अगदी हाताच्या अंतरावर.

वरचा भाग सहज सरला. दरडीपाशी मात्र छातीत ती ओळखीची धाप उठली. पाय आपोआप भराभर पडायला लागले. पहिलं पाऊल घसरलं, चौरंग जरासा हलला आणि वरून कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं.

गजराबाई थांबली.

ती थांबली म्हणून डफ थांबला. डफ थांबला म्हणून नाचणाऱ्या थांबल्या. अख्खा गाव पावसात उभा राहिला आणि नदीचा आवाज तेवढा ऐकू यायला लागला.

"जिजी," सरलाबाई पुढे झाली, "द्या मन्ह्याकडे."

गजराबाईने डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. जावेचे दोन्ही हात पुढे आलेले, ओठ पांढरे पडलेले. त्या डोळ्यांत हसू नव्हतं. ही बाई घाबरली होती, आणि ती मानासाठी नाही, गजराबाईसाठी घाबरली होती. गेल्या सालीही असंच असेल का? असेलही. आता त्याचा विचार करायला श्वास कुठे होता.

तिने श्वास घेतला. मग दुसरा घेतला. गुडघे जागेवर होते. मान सरळ होती.

"सरला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवी नदी देखी ऱ्हायनी. वरीसमा एकदाव येस ती. घाई कसानी तुले?"

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. हसण्याच्या गलबल्यात तिला हवा तेवढा वेळ मिळाला. धाप बसली. मग तिने टाच मातीत रोवली, पाऊल टाकलं, दुसरी टाच रोवली. डफवाल्याने तिच्या पावलांचा ठेका धरला, तिने काही त्याचा धरला नाही.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा तिने चौरंग स्वतःच्या हातांनी खाली उतरवला. वर उतारावरून पार्वतीबाईचा चिरका आवाज आला, "मान थोरलीनाच शे वं! कोनी काय म्हनू नका!"

आरती झाली, देवी बोळवली, वाळूत फुगड्या सुरू झाल्या. गजराबाईने ओलं लुगडं खोचलं आणि सरलाबाईचे दोन्ही हात धरले.

"जिजी, तुमले झेपी का?"

"तू तुन्हं देख."

दोघी गरगरल्या. पाटल्या खणखणल्या, वाळू उडाली, बायकांनी टाळ्यांवर फेर मोजायला घेतले आणि मोजता मोजता सोडून दिले. काठावरून चुडामणला राहवेना. त्याने आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर आवाज चढवला, "भिलानी माय, बस कर आते! बस!"

गजराबाई फिरता फिरताच ओरडली, "तुम्हीच बसा! माले येळ नही शे!"