सगळ्यांचं न्हाणीघर

“टाइल्स मात्र भारीतल्या घेतल्यात हं काका,” असं म्हणत पाहुणीने न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, बंद केला, परत सोडला. काका दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. टाइल्स भारीतल्या नव्हत्या, दुकानदाराने उरलासुरला माल गळ्यात मारला होता. पण ते सांगायचं म्हणजे खुलासे देत बसायचं. ते नुसते “हो” म्हणाले. पाहुणीने भिंतीतला दांडा ओढून पाहिला, पूर्वी उंबरठा होता तिथे तिच्या मैत्रिणीने पाय घासून पाहिला. दोघींनी या कामाला पैसे दिले होते. बघू नका असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

जन्मभर काकांनी पाण्याचे मीटर वाचले होते. लोकांच्या मोऱ्यांतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाट काढत जायचं, आकडा टिपायचा आणि खाली मानेने परत यायचं. आता लोक त्यांच्या मोरीत येत होते, आणि मान काही कोणाची खाली नव्हती.

बाहेरच्या खोलीत त्यांची बायको चाकांच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळा लागला वाटतं, असं पाहुणी जाताना कुजबुजली. काका त्यालाही हो म्हणाले.

सगळी गल्ली तिला शिवणवाल्या बाई म्हणून ओळखे. बाईंच्या शिवणाला काही सोनं लागलं नव्हतं, हे त्या स्वतःच सांगत. पण माप घेताना बाई आकडा कधी तोंडाने उच्चारत नसत. कोणी जाडी झाली, कोणी आतून खंगली, ते बाईंना ठाऊक आणि टेपला ठाऊक. शेजारी सख्खी बहीण बसलेली असली तरी तिला पत्ता लागत नसे. चारचौघांत वाचायला ते काय वर्तमानपत्र आहे, असं म्हणून त्या विचारणारीला गप्प करत. म्हणूनच बायका लांबून त्यांच्याकडे येत.

मग पाय गेले. काका उचलून न्हाणीघरात नेत. एकदा दोघंही उंबरठ्यावर कोसळली. काकांची कंबर धरली ती धरलीच. त्यानंतर बाई हातांवर सरपटत जाऊ लागल्या. सुट्टीला आलेल्या मुलीने ते पाहिलं आणि रडत रडतच फोटो काढला. माझ्या आईने आयुष्यभर तुमचे कपडे शिवले, तिला एक धड न्हाणीघर द्या, असं लिहून तिने तो फोटो फोनवरून जगापुढे ठेवला. पैसे भराभर आले. पैसे माझ्या साठवणीतले, असं तिने आईला सांगितलं. काकांना मदतीचं माहीत होतं, फोटोचं नव्हतं.

काम पुरं झालं त्या दिवशी एक जुनी गिऱ्हाईक फुलं घेऊन आली आणि बाईंचे हात हातात घेऊन म्हणाली, फोटो बघून जीव तुटला हो. बाईंनी तो दाखवायला सांगितला. जमिनीवर त्या, गाऊन मांडीपर्यंत वर गेलेला, आणि खाली ओळखीच्या-अनोळखी माणसांची हळहळ. त्यांनी नीट पाहिलं, फोन परत दिला, काकांना गिऱ्हाइकासाठी चहा करायला सांगितला. ती गेल्यावर मात्र म्हणाल्या, “अहो, माझं अंग स्वयंपाकघरातच पुसत जा. तिथं मी जायची नाही.”

काका समजावून थकले. मुलीने फोटो काढून टाकला, पण तो इतरांच्या फोनमधून कोण काढणार? “बाबा, मग मी करायला काय हवं होतं?” असं तिने रडत विचारलं. काकांना पोरीचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती.

टाइल्स बघायला आलेल्या त्या पाहुण्या गेल्या आणि काजवाली आली. पूर्वी ती बाईंच्या हाताखाली काज-बटणं करायची. आता दोरा ओवायलाही दिसत नव्हतं. आल्या आल्या ती खुर्चीपाशी बसली आणि बाईंचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.

“न्हाणीघर नाही बघायचं तुला?” बाईंनी विचारलं.

“त्यात काय बघायचं बाई? मी तुम्हाला बघायला आले.”

काकांना राहवलं नाही. हिनेही रुमालात बांधून पैसे आणून दिले होते, असं ते बोलून गेले. काजवालीने मान खाली घातली. बाईंनी तिला विचारलं, तुझ्या घरी न्हाणीघर झालं का गं?

“कुठलं हो. उजाडायच्या आत नळावरच उरकते. आडोशाला चार पत्रे लावायचे म्हणतेय कधीची.”

बाई ढसाढसा रडल्या. फोटो पाहूनही त्या रडल्या नव्हत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “ऊठ. आत जा, कडी लाव आणि पोटभर आंघोळ कर. माझं एवढं ऐक.”

ती नको नको म्हणत राहिली, शेवटी गेली. कडी लागली. आत बराच वेळ पाणी वाजत होतं. खूप दिवसांनी बाईंचा चेहरा सैल पडलेला काकांना दिसला. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तिचं झालं की मलाही न्या आत.”

काजवाली बाहेर आली तेव्हा कपाळावरचे केस ओले होते. छान वाटलं बाई, असं म्हणून, पाया पडून ती घाईनेच निघाली.

काकांनी आत जाऊन बादली लावली आणि नळ सोडला. फरशी लख्ख पुसलेली होती. कोरा टॉवेल घडी न मोडता दांडीवर होता.

“अहो,” बाहेरून बाईंनी विचारलं, “साबण ओला आहे का?”

काकांनी साबणावरून बोट फिरवलं. खोटं बोलावंसं फार वाटलं.

“कोरडा आहे,” ते म्हणाले.

“मला बरं वाटावं म्हणून नळ सोडून उभी राहिली ती,” बाई म्हणाल्या. “स्वतः दिलेल्यातलंही तिला घेववलं नाही. आणि मी घेऊ?”

काकांनी नळ बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापत ठेवलं.