रस्ता मोकळा नाही

एल्वुड बॅगवेलला माती द्यायचा दिवस रॉकेटपायी तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा त्याच्या बायकोनं, ओडेसानं, सांगून टाकलं की आता जाणार नाही.

रॉकेटच्या तळावरून फोन आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. तिचे हात पिठात होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून ती मोठ्यानं बोलत होती. पलीकडच्या बाईंचा आवाज मऊ होता.

"मॅम, शनिवारी दुपारी उड्डाण ठरतंय."

"उडवा की. मी कुठं धरून ठेवलंय?"

"पण तुमचं चर्च त्या दिवशी बंद हद्दीत येतं."

"चर्च कुठं येत नाही न् जात नाही, बाई. माझ्या आज्यानं जिथं बांधलं तिथंच ते आहे. तुमची हद्द त्याच्या अंगावर येते, असं म्हणा."

आमचं पाइन नेक म्हणजे व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावरची जमिनीची एक चिंचोळी जीभ. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खाजण, आणि खाजणापलीकडच्या बेटावर रॉकेटचा तळ. गावात रस्ता एकच, आणि त्याच्या टोकाला आमचं एबेनेझर चर्च. रॉकेट उडायचं असलं की रस्त्याला वळणावर अडसर पडतो आणि पलीकडे चिटपाखरूही राहू देत नाहीत. ते बरोबरच आहे. फुटलं तर जळके तुकडे कुठवर येतील याचा नेम नाही. त्या वळणावर लाल झेंडा घेऊन तीस वर्षं कोण उभं होतं? एल्वुड. तळाचाच पगारी माणूस आणि आमच्याच चर्चचा सभासद. आम्हाला अडवायचं काम आमच्यातल्याच माणसाला दिलेलं. टोपी सरळ करायचा आणि म्हणायचा, "थांबा मंडळी. वर माणसं उपाशी आहेत, त्यांचा डबा चाललाय."

माझ्या आईची शवगाडीसुद्धा त्यानं अडवली होती. उन्हात आम्ही काळ्या कपड्यांत उभे, आणि हा टोपी काढून आमच्याबरोबर उभा, पण झेंडा काही खाली घेतला नाही. मी चिडून विचारलं, "तुझी स्वतःची पेटी आली तर रे?" शांतपणे म्हणाला, "तीही थांबवीन, हर्शेल." खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

तो गेला आणि त्याच आठवड्यात अंतराळ स्थानकाला सामान नेणारं रॉकेट उडायचं होतं. पहिल्यांदा वारा आडवा आला. दुसऱ्यांदा कसलीशी झडप उघडेना. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं, तर खेकड्यांचे पिंजरे उचलणारी एक होडी खुशाल समुद्रातल्या बंद पट्ट्यात शिरली. दर वेळी रस्ता बंद व्हायचा, रॉकेट जागच्या जागी राहायचं आणि एल्वुड थंड खोलीत पडून राहायचा. फिलाडेल्फियाहून त्याची बहीण मर्टिस दर वेळी बटाट्याचं सॅलड घेऊन यायची आणि माघारी जायची. "आता माझ्या सॅलडला या रस्त्याची वाट पाठ झाली," ती म्हणाली.

एल्वुडचा पुतण्या रेज तळावरच कामाला आहे. पांढरा झगा घालून रॉकेटच्या नाकाडातून शेवटच्या पिशव्या आत लावायचं त्याचं काम. अगदी शेवटी जायचं सामान ते: सफरचंदं, संत्री, प्रयोगाचे उंदीर. उड्डाण पुढे गेलं की आख्खं रॉकेट आडवं करायचं, नाक उघडायचं, उंदीर बदलायचे, फळं बदलायची आणि पुन्हा उभं करायचं. पोरगा तीनदा हे करून पिचला होता. त्यात एल्वुडच्या जागी अजून माणूस नेमलेला नव्हता, तेव्हा शनिवारी वळणावर कोण, तर तिथलाच म्हणून रेज.

मध्यस्थी त्यानंच केली. तळावर जाऊन सांगितलं, काकूला सकाळी विधी करू द्या, दुपारच्या आत चर्च रिकामं होईल, माझी हमी. त्यांनीही माणुसकी दाखवून मानलं. रेज आनंदानं ओडेसाकडे आला आणि छापलेला कार्यक्रम टेबलावर ठेवला.

"काकू, सगळं बसतंय. प्रार्थना, दोन गाणी, शोकसंदेश, प्रवचन पंधरा मिनिटं..."

ओडेसानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पंधरा मिनिटं कुणाचं प्रवचन?"

"रेव्हरंड नॉकचं. इथं छापलंय ना."

"तू कुठं वाढलास रे? घड्याळ लावून प्रार्थना करणाऱ्या लूथरन लोकांत?"

मला हसू आवरेना. एबेनेझरमध्ये बाप्तिस्मा झालेल्या पोरानं छापील कागदावर विश्वास ठेवावा. आमच्याकडे प्रवचन बोलायचं नसतं, ते गायचं असतं. उपदेशक आधी जमिनीवरून चालतो, संथ, साध्या शब्दांत. मग मंडळी गुणगुणायला लागतात, त्याच्या वाक्याला सूर चिकटतो, प्रत्येक ओळीमागे आम्ही उत्तर देतो, आणि एकदा का तो वर चढला की किती वेळात उतरेल हे त्याच्या हातात नसतं. देव उतरवेल तेव्हा उतरेल. मी सत्तरी ओलांडली, पण त्या चढणीइतकं गोड मला जगात काही लागलेलं नाही.

मात्र एक सोय वाडवडिलांनी ठेवलेली आहे. उपदेशक फारच लांबला तर डीकननं, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यानं, उठून जुनं स्तोत्र सुरू करायचं. मंडळींनी साथ धरली की उपदेशक कितीही रंगात असो, खुर्चीवर बसतो. त्यात अपमान नाही. आमच्या चर्चमध्ये गाणं उठवायचा मान माझा. तेव्हा रेज निघताना माझ्या कानाशी आलाच.

"डीकन काका, वेळ पडली तर तुम्ही आहात ना?"

"बघू," मी म्हणालो. हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

शनिवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. चर्चच्या पूर्वेच्या खिडक्यांतून खाजणापलीकडे रॉकेट दिसत होतं, पांढरं, ताठ, कमरेशी वाफ सोडत. चर्च गच्च भरलं होतं. पुढे एल्वुडची पेटी, पहिल्या बाकावर ओडेसा, पांढऱ्या कपड्यांत, कारण तिनं काळं घालायला नकार दिला होता. मी बाजूच्या डीकनांच्या बाकावर, तिच्यापासून हातभर अंतरावर.

रेव्हरंड नॉक उभे राहिले. बिचाऱ्यांनी रेजला शब्द दिला होता. कागदावरून वाचायला लागले: एल्वुड सज्जन होता, कामसू होता, वेळ पाळायचा. मंडळी गप्प. प्रवचन नाही ते, वाण्याची यादी झाली. त्यांनी मनगटाकडे नजर टाकली आणि ओडेसा बसल्या जागेवरून बोलली, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"रेव्हरंड, घड्याळ काढून ठेवा. आणि वाचू नका. गा."

रेव्हरंड थबकले. मग घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं, कागदाची घडी केली, डोळे मिटले. कुणीतरी मागून गुणगुणायला लागलं. दुसऱ्यानं खालचा सूर धरला. आणि रेव्हरंड नॉक चालायला लागले.

"एल्वुड निघाला वरच्या वाटेनं."

"निघाला!"

"डोक्यावर टोपी, हातात झेंडा."

"झेंडा!"

"वर गेला तर काय बघतो? फाटक. आणि फाटकाशी ही गर्दी. आणि एल्वुडनं काय केलं?"

"सांगा, रेव्हरंड!"

"सवयीनं बाजूला उभा राहिला."

चर्चमधून एक उसासा गेला. मर्टिसनं पंखा हलवायचा थांबवला. रेव्हरंडांचा आवाज आता पूर्ण सुरात होता, दर ओळीला एक पायरी वर. एल्वुड फाटकाशी उभा आहे, लोक आत चाललेत, हा त्यांना वाट करून देतोय. बायका गेल्या, पोरं गेली, म्हातारे गेले. माझी आई गेली, तिचं नावसुद्धा घेतलं त्यांनी. आणि एल्वुड अजून बाहेरच.

तेवढ्यात बाजूचं दार उघडून रेज आत आला. पिवळं जाकीट, खांद्याला रेडिओ, कपाळावर घाम. वाकून माझ्या शेजारी बसला.

"काका, आता उठवा. खरंच आता. स्थानक डोक्यावर यायच्या वेळेलाच उडवावं लागतं, पाचच मिनिटांची फट आहे. त्याआधी तपासणीला तास लागतो. तुम्ही सगळे वळणाबाहेर गेलात हे मी कळवल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत."

मी ओडेसाकडे पाहिलं. तिनं मान वळवली नाही, पण ऐकत होती.

"काका, मी हमी दिलीय. माझी नोकरी आहे ही. आणि एल्वुड काकांनाच विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मीच विचारलं होतं एकदा. माझे गुडघे आपोआप ताठ झाले, मी बाकाचा हात धरून उठलो. मी उठलो की गाणं येतं हे सगळ्यांना ठाऊक. मागच्या बाकांवर कुजबूज झाली. रेव्हरंड नॉकनी मला पाहिलं आणि आवाज जरासा खाली आणला, आज्ञाधारकासारखा.

तेव्हा ओडेसा बोलली, पेटीकडे बघतच. "तो म्हणाला असता, जा. ठाऊक आहे मला. चाळीस वर्षं नांदलेय त्याच्याशी. तीस वर्षं तो त्यांच्यासाठी उभा राहिला. आमच्या पोरीच्या लग्नाला उशिरा आला, त्यांच्यापायी. त्यांच्यातलं कुणी एकदा तरी त्याच्यासाठी थांबलं का, रेज? एकदा? नाव सांग, मी आत्ता उठते."

रेजनं खांद्यावरचा रेडिओ बारीक केला.

मी उभाच होतो. साऱ्या मंडळींची नजर माझ्या तोंडाकडे. आणि मला एकच दिसत होतं: रेव्हरंडांच्या त्या फाटकाबाहेर एल्वुड, टोपी सरळ केलेला, दुसऱ्यांना वाट देत. मी आत्ता गाणं उठवलं तर रेव्हरंड बसतील, आणि तो तिथंच राहील.

मी रेजकडे वाकलो. "तुझा काका अजून बाहेर उभा आहे, पोरा. त्याला बाहेर ठेवून मी गाणं उठवू?"

रेजनं पेटीकडे पाहिलं. काही झालं तरी तो एबेनेझरचाच. उपदेशकानं माणसाला फाटकाशी नेलं आणि आत घेतलं नाही, असं प्रवचन त्यानंही जन्मात ऐकलेलं नव्हतं.

मी रेव्हरंड नॉककडे वळलो आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. "पुढे सांगा, रेव्हरंड! तो अजून आत गेलेला नाही!"

"नाही गेला!" मंडळी एका तोंडानं उठली.

रेव्हरंडांचा सूर छताला जाऊन लागला. रेजच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. त्यानं तो तोंडाशी घेतला आणि शब्द नीट उच्चारले.

"रस्ता मोकळा नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"नाही, मॅडम. रेव्हरंड अजून उभे आहेत." पुन्हा खरखर. "अंदाज नाही देता येत. ते गायला लागलेत."

पलीकडचा तो मऊ आवाज म्हणाला, आज रद्द करावं लागेल, आणि नोंद करावी लागेल कुणामुळे ते.

"रेजिनल्ड बॅगवेल," रेज म्हणाला. "लिहा."

"माझं आधी लिहायला सांग," ओडेसा म्हणाली. "मी मोठी आहे."

रेजनं तेही सांगितलं. मग रेडिओचा कान पिळून तो बंद केला. खाजणापलीकडे रॉकेट वाफ सोडत उभं होतं, पोटात सफरचंदं आणि उंदीर घेऊन. उद्या ते पुन्हा आडवं होणार, त्याचं नाक उघडणार, आणि ते उघडायला रेजला ठेवतील की नाही हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. पण त्यानं पिवळं जाकीट उतरवलं, घडी करून बाकाखाली सरकवलं आणि माझ्याबरोबर टाळी धरली.

"मग सगळी गर्दी सरली," रेव्हरंड गात होते.

"सरली!"

"आणि देव स्वतः उठून फाटकाशी आला."

"आला!"

"म्हणाला, एल्वुड, कुणासाठी थांबलायस? एल्वुड म्हणाला, कुणी राहिलं असेल तर. देव म्हणाला, राहिला तो तूच. मी तुझ्यासाठी थांबलोय."

पुढचं मला ऐकू आलं नाही, चर्चमध्ये कुणालाच आलं नसेल. मर्टिस उभी राहून रडत होती आणि हसत होती. ओडेसानं हात वर केले. रेव्हरंड नॉक घामानं निथळत, कुणी न सांगता, आपले आपण खुर्चीवर बसले. तेव्हा मी स्तोत्र उठवलं.

सहा जणांनी पेटी उचलली, रेज डाव्या बाजूला पुढे. दफनभूमी चर्चच्या मागेच, खाजणाच्या कडेला. बाहेर येताच पोरांनी सवयीनं पाय उचलले, झपाझप. इतक्या उड्डाणांत आमच्या पायांना या रस्त्यावरून घाईनं निघायचीच सवय लागलेली.

"सावकाश," ओडेसा मागून म्हणाली.

ती माझा हात धरून चालत होती. तिनं एकदा बेटाकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि आपली चाल आणखी मंद केली, इतकी की मागची सगळी रांग तिच्यामागे थबकत थबकत येऊ लागली.

"आणखी सावकाश, रेज. आज आपल्याला कुणाच्या वाटेतून बाजूला व्हायचं नाही."